मालकाच्या विनंतीवरून

१

लीलावती आठल्ये तीन वर्षं रोज दुपारी जे काही बोलल्या होत्या, ते सगळं एका रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी नाहीसं झालं. एकूण एक हजार सत्तर ध्वनिमुद्रणं होती. टॅबच्या पडद्यावर उरला तो कंपनीचा सभ्य मजकूर : 'मालकाच्या विनंतीवरून, जन्मतारखेची खात्री करून, हे खातं बंद करण्यात आलं आहे. वीस दिवसांच्या आत ते परत मिळवता येईल. त्यानंतर सर्व साठा कायमचा नष्ट होईल. आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार.' मालक म्हणजे खुद्द लीलावतीबाई. त्यांनी कोणालाही कसलीही विनंती केली नव्हती. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या.

सरोज निमकरांना हे कळलं अठराव्या दिवशी, म्हणजे गुरुवारी. मराठी मंडळातल्या ओळखीच्या लीलाताईंचा फोन आला तेव्हा सरोजताई अलीगंजच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, कोणाशी एक शब्दही न बोलता चौथा दिवस ढकलत होत्या. 'हॅलो' म्हणताना आवाज घशात अडकला, तो दोनदा खाकरून मोकळा करावा लागला.

सरोजताई बँकेच्या दक्षता विभागातून निवृत्त झालेल्या. बँकेतलाच माणूस बँकेला टोपी घालतो तेव्हा त्याला हुडकून काढायचं, हे काम त्यांनी एकवीस वर्षं केलं. बदलीनं त्यांना लखनऊला आणलं, आणि नोकरी संपल्यावर आता कुठे जाणार हे कोणी विचारलं नाही, म्हणून त्या इथेच राहिल्या. लग्न राहून गेलेलं. माणसं बोलताना कुठे थांबतात हे त्यांना बरोबर कळायचं, पण अशी माणसं रोज समोर यायची बंद झाली होती. त्यामुळे मेट्रोनं आलमबाग आणि पुढे ई-रिक्षानं मानक नगर गाठताना त्यांना लाज वाटावी इतकं बरं वाटत होतं.

मानक नगरातल्या रेल्वेच्या वसाहतीत लीलाताई मुलाकडे राहत. मुलगा सत्यजित तिथल्या संशोधन संस्थेत इंजिनिअर, नात आर्या बारावीत. सून अनन्या इथलीच, सक्सेनांची मुलगी. ती तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती आणि त्या घरात तिचं नाव निघत नसे.

"रोज जेवण झालं की टॅब डब्याला टेकवून ठेवायचा आणि दहा मिनिटं बोलायचं," लीलाताई सांगू लागल्या. "काय बोलायचं? काही नाही गं. आज वाटाणा कोवळा मिळाला. शेजारच्या शुक्लाइनचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. देवरुखच्या घरी विहिरीवर आम्ही काय करायचो. सत्या ऑफिसात, आर्या क्लासला. मराठीत बोलायला या घरात दिवसभर भिंती तेवढ्या असतात."

"परवा शनिवारी संध्याकाळी पाचला मुदत संपते," सरोजताई मजकूर वाचत म्हणाल्या. "प्रयत्न करू या परत मिळवायचा."

"परत नाही मिळालं तरी मी काही मरत नाही." लीलाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण हे केलं कोणी, ते मला हवंय. तेवढं शोधून दे."

सरोजताईंनी मान वर केली. एकवीस वर्षांत चोरी झालेला प्रत्येक माणूस आधी वस्तू मागायचा आणि मग चोर. हे पहिल्यांदाच उलटं ऐकलं. त्यांनी खालची चौकट पाहिली. खातं परत हवं असेल तर जन्मतारीख भरायची होती, आणि पाचच संधी होत्या. त्यांतल्या तीन वापरून झाल्या होत्या. सत्यजितनं आपल्या आईची जन्मतारीख म्हणून तीन तारखा भरल्या होत्या आणि कंपनीनं त्या तिन्ही चूक ठरवल्या होत्या.

२

सत्यजित संध्याकाळी सहाला आला. बावन्नाव्या वर्षीच खांद्यातून वाकलेला, बूट काढतानासुद्धा फोनवर हां सर, हां सर करणारा.

"सरोजताई, मी आधी आधारवरची तारीख टाकली. एक जून सेहेचाळीस. चूक. मग खरी टाकली. आई कोजागिरीची, म्हणजे दहा ऑक्टोबर. तीही चूक. शेवटी बाबांची टाकून पाहिली. मग घाबरून थांबलो."

"कंपनीशी बोललास?"

"कोणाशी बोलणार? मदतीच्या खिडकीत एक मशीन बसवलंय. दर वेळी म्हणतं, 'तुमची अडचण मी समजू शकते.' आणि मग तीच पाच उत्तरं देतं. आवाज आईचा, वेळ आईचा, आणि मालक कोण ते ते लोक ठरवणार. करारात लिहिलंय म्हणे. एकसष्ट पानांचा करार आहे, कोण वाचतंय?"

"खातं उघडलं कोणी होतं?"

सत्यजितनं मोजा काढून त्याची नीट घडी घातली. मोज्याची घडी घालणारा पुरुष सरोजताईंनी आजवर पाहिला नव्हता. "मीच दिलं असेल उघडून. नऊ वर्षं झाली. फोटो ठेवायला म्हणून उघडलं होतं, हे बोलण्याचं नंतर सुरू झालं."

"त्या रविवारी तू कुठे होतास?"

"दिल्लीला. शनिवारी रात्री गेलो, सोमवारी आलो." मग तो हळूच म्हणाला, "मला आवडत नव्हतं ते, हे खरं आहे. घरातलं बाहेर जायला नको, असं मी आईला दोनदा बोललोही होतो. पण पुसायला मी वैरी नाहीये."

आर्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून भाजलेले शेंगदाणे खात होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

"टॅबमध्ये जागा संपली म्हणून तू आजीशी भांडलीस म्हणे," सरोजताईंनी विचारलं.

"हाँ, तो? मेरे क्लास के वीडियो भी उसी में थे, सरोज आजी. मैंने कहा पुराना कुछ हटा दो. आजी ने मना कर दिया, बात ख़तम. मैं उनका क्यों उड़ाऊँगी?"

"तू ते कधी ऐकलंस?"

"नहीं यार, सब लॉक्ड रहता था. 'सिर्फ़ मैं' पे. आजी ने किसी को सुनाया ही नहीं."

"रविवारी सकाळी कुठे होतीस?"

"बाहर." आर्यानं शेंगदाण्याचं साल फुंकरीनं उडवलं. "बस, बाहर."

सरोजताईंनी पुढे विचारलं नाही. फडताळात डब्यांची रांग होती आणि प्रत्येकावर गोल, शाळेतल्या बाईंसारख्या अक्षरात मराठी चिठ्ठी : मेतकूट, गोडा मसाला, भाजणी. लीलाताईंचं अक्षर त्यांना माहीत होतं, ते हे नव्हतं. "या कोणी लिहिल्या?" त्यांनी सहज विचारलं.

आर्यानं दाराकडे पाहून आवाज उतरवला. "मम्मी ने. पापा के सामने मत पूछिएगा."

३

तिसरा संशयित आपल्या पायांनी चालत आला. अभिराम हा लखनऊच्या मराठी मंडळाचा कार्यवाह, एका खासगी कंपनीत संगणकाचं काम करणारा. उत्साह इतका की समोरच्याला दम लागावा. महिन्यापूर्वी त्यानंच लीलाताईंचा टॅब दुरुस्त केला होता, आणि हा घोटाळा होण्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, तो पुन्हा येऊन गेला होता.

"मॅडम, मी प्रामाणिकपणे सांगतो, मला ती मुद्रणं हवी होती," तो म्हणाला. "मंडळाच्या चॅनलवर टाकली असती. परप्रांतातली आजी, अस्सल देवरुखची भाषा, लोकांनी उचलून धरलं असतं. पण आजी नाही म्हणाल्या. शनिवारी शेवटचं विचारायला आलो होतो. नाही म्हणजे नाही."

"मग रागावलास?"

"थोडा. पण पुसून मला काय मिळणार? मला तर ती हवी होती."

हे पटण्यासारखं होतं. "आजींची जन्मतारीख माहीत आहे तुला?"

"एक जून. ज्येष्ठांच्या सत्काराला आधारची प्रत मीच घेतली होती."

सरोजताईंनी लीलाताईंच्या वहीतलं पान पुढे केलं. लीलाताई रोज मुद्रण केल्यावर वहीत तारीख लिहीत आणि दुसऱ्या दिवशी त्यापुढे एक आकडा. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत आकडा एकच होता. एक.

"हे काय आहे?"

"ऐकणारे. ते अ‍ॅप दाखवतं ना, किती जणांनी ऐकलं ते." अभिराम हसला. "त्यांनी स्वतःच ऐकलं असणार."

"मी?" लीलाताई खुर्चीतून म्हणाल्या. "मी कशाला माझं ऐकू? बोलताना ऐकलंच की."

अभिरामचं हसू विरलं. त्यानं वही हातात घेऊन पानं उलटली. "आणि तसंही, मॅडम, ज्या यंत्रावर बोललं त्याच यंत्रावर ऐकलं तर ते मोजत नाही. म्हणजे हा एक दुसऱ्या यंत्रावरचा आहे. आणि सगळं 'फक्त मी'वर होतं म्हणजे…" तो थांबला.

"म्हणजे याच खात्यात दुसरा कोणीतरी होता," सरोजताईंनी वाक्य पुरं केलं. "तीन वर्षं. रोज."

त्यांनी लीलाताईंकडे पाहिलं. लीलाताई दचकल्या नव्हत्या. हातातल्या वातीचा कापूस त्यांनी इतका ताणला होता की तो तुटला, आणि त्या शांतपणे दुसरा घेत होत्या.

वसाहतीतून निघताना अंधार पडला होता. ज्येष्ठ नागरिकांच्या खोलीपाशी ई-रिक्षाची वाट बघत सरोजताई तिथल्या फलकाखाली उभ्या राहिल्या. डिसेंबर लागला तरी फलकावर 'जुलाई में जन्मे हमारे सदस्य' हाच कागद होता, बदलायला कोणाला सवड नव्हती. नऊ नावं होती आणि नऊही नावांपुढे एकच तारीख. बिचाऱ्यांचा केक तरी एकात भागला असेल, असं सरोजताईंच्या मनात आलं आणि तेवढ्यात रिक्षा मिळाली.

४

शुक्रवार सरोजताईंनी घरात बसून काढला. कुकरची एक शिट्टी, एका माणसाचा भात, आणि टेबलावर कागद.

पुसणाऱ्यानं जन्मतारीख भरली होती आणि ती बरोबर आली होती. सत्यजित, आर्या, अभिराम या तिघांना मिळून दोनच तारखा माहीत होत्या, आधारवरची आणि कोजागिरीची. दोन्ही चूक निघाल्या. म्हणजे पुसणाऱ्याला तिसरीच कुठलीतरी तारीख ठाऊक होती, जी लीलाताईंनासुद्धा माहीत नाही. अशी तारीख ठाऊक असणारा माणूस एकच : ज्यानं नऊ वर्षांपूर्वी ती भरली, तोच. सत्यजितनं खातं उघडलं असतं तर त्यानं या दोहोंतलीच एक भरली असती. तेव्हा 'मीच दिलं असेल उघडून' हे खोटं होतं. मोज्याची घडी उगाच घातली जात नाही.

दुपारी त्यांनी लीलाताईंना फोन लावला. "लीलाताई, खातं उघडताना तुम्ही तिथे होतात ना? तारीख कोणती सांगितलीत?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "साल सांगितलं सेहेचाळीस. तारीख विचारली तर म्हटलं, शाळेतली घाल. हात कणकेचे होते माझे."

"विचारलं कोणी?"

"घरातल्यांनीच," लीलाताई म्हणाल्या आणि दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला. दूध त्या सकाळी सातला तापवत, हे सरोजताईंना माहीत होतं.

शाळेतली तारीख म्हणजे काय, हे सरोजताईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांची स्वतःची जन्मतारीखही एक जून होती. बाप पोराला शाळेत घेऊन जायचा, हेडमास्तर विचारायचे कधीचा, बाप म्हणायचा भाताच्या लावणीच्या वेळचा, आणि शाळा उघडायची जूनमध्ये म्हणून मास्तर एक जून ठोकून मोकळे व्हायचे. अर्धा महाराष्ट्र एका दिवशी जन्माला आलेला. दर एक जूनला सरोजताईंना बँकेचा, विमा कंपनीचा आणि चष्म्याच्या दुकानाचा असे तीन शुभेच्छासंदेश येत. खऱ्या तारखेला कोणाचाच येत नसे, कारण ती माहीत असलेलं शेवटचं माणूस म्हणजे त्यांची आई होती.

पण एक जून चालली नव्हती. शाळेतली म्हणून सांगितलेली तारीख शाळेतली निघाली नव्हती.

रात्री त्या भात वाढून घेत होत्या. डाव हातात तसाच राहिला. कोणाच्या शाळेतली? ही तारीख भरणारा माणूस कुठल्या गावच्या मास्तरांच्या हाताखालचा होता? मास्तर सगळीकडचे सारखेच, पण शाळा काही सगळीकडे जूनमध्ये उघडत नसत. डोळ्यांपुढे तो फलक आला, त्यावरची नऊ म्हातारी माणसं आली, आणि सरोजताई भात तसाच ठेवून चपला शोधू लागल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की एवढ्या उशिरा कोणाच्या दारात जाऊन उभं राहावं असं घर आपल्याला लखनऊत नाही, आणि त्या परत जेवायला बसल्या.

५

शनिवारी साडेअकराला आठल्यांच्या बैठकीत टॅबभोवती चौघं होती. सत्यजितला सुट्टी होती.

"दोन संधी आहेत," तो म्हणाला. "सरोजताई, नक्की का?"

"भर. एक जुलै एकोणीसशे सेहेचाळीस."

"जुलै? आमच्यात कोणाचीच नाही जुलैतली."

"तुमच्यात नाही. इथल्यांच्यात आहे. इथे शाळा जुलैत उघडायची. इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाची शाळेतली तारीख विचार, एक जुलै सांगेल. तुमच्या वसाहतीच्या फलकावर नऊ जणांची आहे. लीलाताईंनी 'शाळेतली घाल' म्हटलं आणि घालणाऱ्या माणसाला वाटलं, त्यात विचारायचं काय? आपल्या आजोबांची, वडिलांची, सगळ्यांची तीच असते."

सत्यजितनं तारीख भरली. पडद्यावर हिरवी खूण उमटली. 'धन्यवाद. नोंदवलेल्या, ३८ वर संपणाऱ्या मोबाइलवर कोड पाठवला आहे. कोड दहा मिनिटं चालेल. जास्तीत जास्त तीन कोड मागवता येतील.'

अडतीस. सत्यजितचा चेहरा उतरला. तो नंबर त्या खोलीत सगळ्यांना पाठ होता.

"मम्मी का है," आर्यानं सांगून टाकलं. "और मैं उस संडे मम्मी के पास थी. पैकिंग करवा रही थी. सॉरी पापा."

"पैकिंग?" सत्यजित म्हणाला.

"देहरादून. नौकरी लगी है. पंद्रह तारीख को जा रही हैं."

सत्यजितनं ऐकलं न ऐकलंसं केलं आणि उगाच पुन्हा बटण दाबलं. दुसरा कोड गेला. आर्यानं फोन लावला, पण अनन्या शिकवायची त्या शाळेत शिक्षकांचे फोन कपाटात असतात आणि शनिवारी शाळा तीनपर्यंत असते. दहा मिनिटं घड्याळाकडे बघण्यात गेली आणि तोही कोड वाया गेला. सरोजताईंनी टॅब सत्यजितच्या हातून काढून आर्याच्या मांडीवर ठेवला.

"आता एकच उरला. मी फोन करून सांगेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. तीनला शाळा सुटली की मी छावणीत तिच्या घरी जाऊन येते."

लीलाताई दारापर्यंत आल्या. "मला माहीत होतं सरोज," त्या पुटपुटल्या. "रोज एक आकडा पडायचा ना, मला माहीत होतं ती आहे म्हणून. मी तिच्याशीच तर बोलत होते. आता एवढंच विचार तिला, मुद्दाम पुसलंस का म्हणून."

६

लष्करी छावणीतले रस्ते रुंद आणि रिकामे होते. अनन्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होती आणि त्यांतली एक खोली खोक्यांनी भरली होती. पन्नाशीला टेकलेली, केसांना मेंदी, शाळेची साडी अजून अंगावर.

"मैं मानक नगर से आई हूँ," सरोजताईंनी सुरुवात केली. "लीलावती जी के…"

"आई बऱ्या आहेत ना?" अनन्यानं विचारलं.

 मराठी स्वच्छ होती आणि हेल देवरुखचा. सक्सेनांच्या मुलीच्या तोंडून लीलाताई बोलत होत्या.

"बऱ्या आहेत. त्यांचं बोलणं सगळं पुसलं गेलंय. सोळा नोव्हेंबरला, या घरातून."

अनन्या खोक्यावर बसली. सांगायला तिला फार वेळ लागला नाही. खातं तिनंच उघडलं होतं, तिच्या फोनवर, तिचा नंबर देऊन. घर सोडल्यावरही ते फोनमध्ये तसंच राहिलं. चौथ्या दिवशी त्यात लीलाताईंचा आवाज आला. मग रोज शाळेतून आली की ती चहा ठेवायची आणि ऐकायची. तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही.

"त्या दर वेळी 'अगं' म्हणून सुरू करायच्या. कोणाला म्हणतात ते मी कधी विचारलं नाही. फोन करायची हिंमत नव्हती. त्यांच्या मुलाला सोडलं होतं मी, कुठल्या तोंडानं करणार? पण ऐकत राहिले. ऐकत राहिले म्हणून दोनदा बाहेरगावची नोकरी नाकारली. या वेळी ठरवलं, जायचं तर हे बंद केलं पाहिजे. त्या रविवारी फोनमधून खातं काढून टाकलं. त्यानं विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो. जन्मतारीख विचारली, ती दिली. मला वाटलं, फक्त माझ्या फोनमधून जाईल."

"तारीख एक जुलै."

"शाळेतली तीच असते ना?"

"आमच्याकडे नाही," सरोजताई म्हणाल्या. रहस्य सुटलं होतं आणि त्यांना त्याचा जराही आनंद झाला नाही. एका बाईला ऐकणं थांबवायचं होतं, आणि कंपनीनं तिच्या फोनऐवजी दुसरीचं बोलणंच पुसलं. या गुन्ह्यात पकडायला माणूसच नव्हता.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. सरोजताईंनी आपल्या फोनवरून लीलाताईंना लावला आणि आवाज मोठा केला. "आर्या, दाब आता बटण." अनन्याचा फोन खोक्यावर थरथरला. सहा आकडे आले. त्यांनी आपला फोन अनन्याच्या हातात दिला. "वाचून दाखव."

"आई," अनन्या म्हणाली. "कोड लिहून घ्या."

"अनन्या," पलीकडून लीलाताई म्हणाल्या. ते नाव त्या घरात तीन वर्षांनी उच्चारलं गेलं, आणि सत्यजित तिथेच बसला असणार. "थांब गं जरा. तू मुद्दाम पुसलंस का ते?"

"नाही आई. मी माझ्या फोनमधून काढत होते. चुकून सगळंच गेलं."

"म्हणजे ऐकणं बंद करणार होतीस."

अनन्यानं डोळे मिटून घेतले. "हो."

"मग बरं केलंस," लीलाताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "जायचं माणसानं. मी पण शहाणी, तू ऐकतेस म्हणून रोज बोलत सुटायचे, तुला बांधून ठेवलं. देहरादूनला थंडी फार. ती विटकरी शाल नेतेस ना?"

"घेतली आहे. तुमच्या गुडघ्याचं काय? ऑगस्टमध्ये म्हणालात दुखतोय, मग पुढे काहीच सांगितलं नाहीत."

"अगं, ते तेल आणलं ना मग…"

चार सव्वीस झाले. "आजी, कोड," असं आर्या पलीकडे हळूच म्हणाली आणि गप्प झाली. सरोजताईंनी हात वर केला. त्यांचं आयुष्य मुदती पाळण्यात गेलं होतं. समोर सहा आकडे जळत होते आणि एक हजार सत्तर दुपारी त्यांना अडकून होत्या. अनन्या रडता रडता हसत होती, शुक्लाइनच्या ऑपरेशनबद्दल विचारत होती, आणि लीलाताई पहिल्यांदाच मधे थांबून दुसऱ्याचं ऐकत होत्या. सरोजताईंनी हात खाली घेतला.

साडेचारला अनन्याच्या फोनवर संदेश आला, 'कोडची मुदत संपली आहे.' पाचला दुसरा आला, त्यात कंपनीनं पुन्हा एकदा आभार मानले होते. दोन्ही सरोजताईंनीच वाचले. बोलणाऱ्या दोघींपैकी कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

मग सरोजताईंच्या स्वतःच्या फोनची बॅटरी लाल झाली. त्यांनी उठून खोकी उघडून पाहिली. तिसऱ्यात, पुस्तकांच्या कडेला, एक चार्जर सापडला. तार आखूड होती, म्हणून अनन्याला फोन कानाला धरून भिंतीपाशी जमिनीवर बसावं लागलं. सरोजताईंनी तो लावून दिला आणि खुर्ची थोडी लांब सरकवून त्या वाट बघत बसल्या.